पाणमांजराच्या खेळांचे नंबर

रविवार, १० सप्टेंबर २००६

ही डायरी मस्कतची. जेन्सनच्या कंपनीची, निळ्या कव्हराची. गेल्या नाताळात तो आला तेव्हा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बाबा, तुमच्या कविता लिहा हिच्यात." मी कविता लिहीत नाही, पाठ म्हणतो. मुलाला बापाबद्दल एवढं तरी ठाऊक असावं, ही अपेक्षा मी सोडून दिली आहे.

हिच्यात शुक्रवार लाल छापलाय आणि रविवार काळा. म्हणजे चर्चमधली मिस्सा बुडवून कामाला जा, असं ही दर आठवड्याला सांगते. म्हणून कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज मला परीक्षक नेमलं आहे.

संध्याकाळी जेन्सनचा फोन आला. पूर्वी दर रविवारी यायचा, हल्ली एक रविवार सोडून येतो. नातीच्या, बेलाच्या कानाला रिसीव्हर आणि मी शेजारी. पण आखातातली माणसं फोनवर ओरडून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बेलू, त्या गेममधले छोटे गेम आहेत ना, त्यांचे नंबर लावून ठेव. पपा नाताळात येणार. रजा थोडीच असते, टाइमपास नाही करायचा. नंबर एकपासून सुरू. ओके?"

"ओके," बेला म्हणाली. मग फोन तिच्या आईकडे, लिडियाकडे दिला. लिडियाने तो मागच्या अंगणात नेला आणि तारेची लांबी संपेपर्यंत चालत गेली.

खेळाचं यंत्र जेन्सननेच मागच्या वेळी आणलं. टीव्हीला जोडायचं. त्यात एक पाणमांजर आहे. ते ओंडक्यांवरून उड्या मारत जातं आणि शिंपले गोळा करतं. रक्त नाही, बंदूक नाही. आईबापांनी मुलांशेजारी बसून पाहावं असं सोज्वळ. एक जंगल संपलं की पुढच्या जंगलाआधी एक छोटा खेळ लागतो. असे नऊ. सुट्टीभर बाप-लेक त्या नऊ खेळांसमोर मांडी घालून बसले होते. मी मागे खुर्चीत. माझ्याशी बोलायला त्याला वेळ झाला नाही, पण ते असो.

"आबा, तू परीक्षक," बेला म्हणाली. "मी खेळणार, तू मार्क द्यायचे."

आतून मटिल्डा म्हणाली, "जन्मभर गाड्यांचे नंबर लावले, आता माकडांचे लावा."

"माकड नाही आजी, पाणमांजर."

"तेच ते. शेपूट आहे ना?"


रविवार, १७ सप्टेंबर

परीक्षकाला आधी निकष हवा. माझा निकष क्लेमेंटीनबाईंचा. तिसरी-चौथीला त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. कुठलीही नवी कविता आली की त्या पुस्तक मिटून विचारायच्या, "चाल लागते का?" लागली तर ती कविता, नाही तर नुसती माहिती. एप्रिलच्या उन्हात कौलांखाली आम्ही साठ मुलं डोलत म्हणत असू. बाहेर केळीच्या पानांवरही तीच चाल वाजते आहे असं वाटायचं. आता त्या केळीही नाहीत. तिथे तीन मजली इमारत आहे, आणि तिला रोज टँकरने पाणी येतं. ते पाणीही आमच्याच विहिरींचं.

तर चाल. घसरगुंडीचा खेळ आहे, बर्फावरून पाणमांजर घसरत खाली येतं. चाल चांगली आहे पण शेवटी अडखळते. शंभरात पंचावन्न. फुगे फोडायचा खेळ निर्मळच्या जत्रेतून चोरला आहे. जत्रेतल्या बंदुकीची नळी वाकडी असायची, त्यामुळे माणसाला नम्रता यायची. इथे नळी सरळ, म्हणून पस्तीस, काठावर पास. तीन मडक्यांखाली शिंपला लपवायचा खेळ म्हणजे शुद्ध लबाडी. नापास. टोपलीत पडती फळं झेलायचा खेळ मला मनापासून आवडला. आंबे येतात, पेरू येतात, मधूनच एक वटवाघूळ येतं. पंच्याहत्तर.

"आणि फिशिंग?" बेलाने विचारलं.

"त्यात काही होतच नाही. तरंगत्या बुचाकडे बघत बसायचं. नववा."

"नाही. फिशिंग पहिला."

"का?"

"पहिलाच आहे तो."

परीक्षकाशी असं बोलत नाहीत. पण हिची शाळा इंग्रजी. तिथे चालत असेल.

खेळ सुरू व्हायच्या आधी ती मला घोषणा करायला लावते. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, लोक कंट्रोलर म्हणायचे. तीस वर्षं वसईच्या स्टँडवर माझा आवाज घुमला. बेलाने आता एक कायमची गाडी सुरू केली आहे: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मस्कतहून वसईमार्गे निर्मळला येणारी गाडी नाताळच्या सुमारास फलाटावर लागेल." दोनदा म्हणायचं. घोषणा दोनदाच म्हणतात.

"आणि गाडी आलीच नाही तर?"

"तर म्हणायचं, उशिराने धावत आहे."

"पण येणारच नसली तर?"

"तरी तेच म्हणायचं. रद्द म्हटलं की लोक खिडकीवर धावून येतात, काच फोडतात. उशीर म्हटलं की थोडे थांबतात, मग एकेक करून आपणहून चालू लागतात. कळंबच्या शेवटच्या गाडीची माणसं मी अशी कितीदा घरी पाठवली."

"म्हणजे खोटं सांगायचास."

"खोटं नाही ग. हळू सांगायचो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शहाणाच आहेस."


रविवार, १ ऑक्टोबर

लोडशेडिंगने जीव नकोसा केला आहे. वीज कधी जाईल ते कागदावर एक असतं आणि प्रत्यक्षात भलतंच. बेलाने घरात सक्त नियम केलाय: खेळ संपला की पहिलं सेव्ह. यंत्र विचारतं, ठेवू का? आपण हो म्हणायचं, विचार करत बसायचं नाही. एकदा मी बटण दाबायला वेळ लावला आणि तिचं एक अख्खं जंगल अंधारात गेलं. दोन दिवस बोलली नाही. आता माझं बोट झोपेतही हो म्हणेल.

लिडिया आज माझ्यावर चिडली. हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून आली, चप्पलही काढली नव्हती.

"आबा, हे नंबर-बिंबर कशाला चालवलंय? पोरीला कशाला आशा लावता?"

"आशा मी लावली का? तिच्या बापाने लावली."

"बापाला काय जातंय फोनवर बोलायला!"

"रजेचा अर्ज टाकलाय म्हणाला ना तो?"

ती आत जाऊन कांदा चिरायला बसली. मी गेलो तेव्हा डोळे लाल होते आणि पाटावर कांदा अख्खाच होता. सुनेचा स्वभाव पहिल्यापासून आंबट. नवरा लांब, म्हणून आणखी आंबला. जेन्सन इथे असताना एका शब्दाने बोलायची नाही, आणि आता त्याची पाठ फिरली की हे.

फिशिंगचं कोडं थोडं उलगडलं. त्या खेळाच्या शेवटी एक फळा येतो आणि त्यावर पहिल्या तिघांची नावं असतात, तीन-तीन अक्षरांची. तिन्ही जागी JEN. बेला तो खेळ लावते, फळा बघते आणि बंद करते. खेळत कधी नाही. भिते बिचारी, बापापुढे आपण हरू म्हणून. मी म्हटलं, "अगं खेळ, हरलीस तर हरलीस." मान हलवली नुसती.

हिला मासे धरायला शिकवायला हवं. आमच्या घरामागे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं; विहिरी त्याच्यावर जगायच्या. त्याच्या काठाला मी लहानपणी गळ टाकून बसायचो. पाण्यात माडाची सावली, आणि त्या सावलीच्या शेंड्यावर मरळ येऊन थांबायची. धाकट्या भावाने आपली बाजू विकली, आणि नालासोपाऱ्याच्या कुठल्या इमारतीचा राडारोडा आणून ते बुजवलं. आता तिथे गवतही धड उगवत नाही.


मंगळवार, १० ऑक्टोबर

वीज नाही. काही नाही.


शनिवार, २८ ऑक्टोबर

आज मन भरून आलं.

हरेश्वरचा पुतण्या जितेश मस्कतहून दिवाळीला आला आहे. हरेश्वर माझा शाळेपासूनचा दोस्त, देवळामागे त्याची फुलबाग आहे. सकाळी नाक्यावर जितेश दिसला. मी हाक मारली तर आधी स्कूटरचं तोंड वळवायला लागला, मग थांबला.

"काका, मी येणारच होतो घरी. जेन्सनभाईने पार्सल दिलंय."

"कसा आहे तो?"

"मस्त. एकदम मस्त. जागा बदलली त्याने."

"कंपनीच्या खोल्या सोडल्या?"

"हो ना... फ्लॅट घेतलाय भाड्याने. टू बेडरूम."

"एकट्या माणसाला दोन बेडरूम?"

जितेशने हेल्मेट उगाच पुसलं. "काका, मला ना, तिकडचं जास्त काही माहीत नाही. आमची साइट लांब पडते."

पोरगा साधा आहे, त्याच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. दोन बेडरूम म्हणजे लिडिया आणि बेलाला न्यायची तयारी! आणि सांगत नाही लबाड. नाताळात येऊन सगळ्यांना चकित करणार. बेलाही जाणार, मग मी गाडीची घोषणा कुणापुढे करायची? पण मुलाचा संसार एका ठिकाणी होईल. घरी येऊन मी हे मटिल्डाला सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे बघितलं. "गप बसा जरा," एवढंच म्हणाली. आनंद पचवायची सवयच नाही तिला.

पार्सलमध्ये चॉकलेटं, एक अत्तर आणि बेलासाठी झालरीचा फ्रॉक. फ्रॉक पाच वर्षांच्या मुलीचा. बेला नऊची. तिकडची मापंच वेगळी असणार. लिडियाने फ्रॉकची घडी घातली आणि पिशवीत परत ठेवला. मग ती बेलाला घेऊन बाहेर पायरीवर बसली. बराच वेळ दोघी बोलत होत्या. मी बोलावलं नाही. आईची माया असते.


रविवार, १९ नोव्हेंबर

काल बेलाला घेऊन निर्मळच्या जत्रेला गेलो. जत्रा देवळाची, पण तिथे आम्ही सगळेच जातो. माझ्या आजीच्या काळापासून आमच्या घरची वर्षाची सुकी मच्छी याच जत्रेत घेतली जाते. सुकेळीही घेतली. वसईच्या केळ्याचं उन्हातलं ते मधुर म्हातारपण. बेलाला आवडत नाही. "चामड्यासारखं लागतं," म्हणाली.

परीक्षकाने मूळ खेळ पाहावेत म्हणून आम्ही सगळ्या ठेल्यांवर फिरलो. रिंग टाकायची, फुगे फोडायचे. मी म्हटलं, "रिंगचा खेळ ठेवू या पपासाठी. जत्रा उठली तरी घरी बादली ठेवून खेळता येईल."

"नको. आत्ताच खेळू. ठेवायला नको," ती म्हणाली. मग माझा हात धरून, "आबा, तुझे नंबर झाले का लावून?"

"माझे कुठले? तुझ्या पपाचे आहेत ते."

"हां, तेच. सावकाश लाव. घाई नाही."

हरेश्वर देवळाच्या पायऱ्यांशी हार विकायला बसला होता. दिवाळीपासून घरी आला नाही म्हणून मी बोललो त्याला.

"गुडघे," तो म्हणाला.

"गुडघ्यांनी जत्रेला आलास, माझ्याकडे यायला काय झालं?"

त्याने बेलाला एक गजरा दिला आणि तिला पाळणा बघायला पाठवलं. मग हळू म्हणाला, "सिप्रियन, समजा, जेन्सनला नाही जमलं यायला, तर?"

"का नाही जमणार? अर्ज टाकलाय."

"नाही, मी आपलं समजा म्हटलं."

"तू लहानपणापासून असाच. कविता म्हणायला उभं केलं की तुला शेवटचं कडवंच आधी आठवायचं."

हसला नाही. म्हणाला, "शेवटचं कडवं माहीत असलं की बाकीची म्हणवत नाहीत रे."

त्याच्या पुतण्याचं नशीब फळफळलं नाही आणि माझ्या मुलाने दोन बेडरूमची जागा घेतली, हे त्याला झोंबलं असावं. जुनी मैत्रीसुद्धा शेवटी सुक्या मच्छीसारखीच. उन्हात वास मारतेच.


सोमवार, २७ नोव्हेंबर

जमलं!

दोन आठवडे बेला शाळेत गेली की मी ते बटणांचं हत्यार घेऊन बसतोय. फिशिंगचाच खेळ. मटिल्डा म्हणाली, "आता रात्रीचं जेवण पण त्यातनंच काढा." काढलंही असतं. हा खेळ मी नववा ठरवला ही परीक्षकाची चूक होती. यात काही होत नाही असं वाटतं, पण मरळ येते तेव्हाही काही होत नाही. फक्त पाणी किंचित जाड होतं. ज्याने बावखलाच्या काठावर बालपण घालवलं, त्यालाच ते कळतं. बूच हलायच्या आधीचा तो क्षण आज मला दिसायला लागला, आणि मग मासेच मासे! जेन्सनला मी सहज मागे टाकलं. फळ्यावर नाव विचारलं तेव्हा लिहिलं CYP. यंत्राने विचारलं, ठेवू का? बोटाने हो म्हटलं. लगेच पुन्हा खेळलो, पुन्हा जिंकलो. हो. आणखी एकदा. हो. वीज जायच्या आत तिन्ही वेळा सेव्ह केलं.

बाप आला की त्याला म्हणायचं, बघ, म्हाताऱ्याने हरवलं तुला! आणि बेलाची भीती जाईल. आबा जिंकू शकतो, तर ती का नाही?

कित्येक वर्षांनी दोन ओळी स्वतःच्या सुचल्या. जेन्सनचं भाकीत खरं झालं म्हणायचं.

काठावरती बसला आजा, पाण्यात पडले ऊन;
मासा म्हणतो, "आज नको रे, उद्या येईन फिरून."

चाल लागते. क्लेमेंटीनबाईंनी पुस्तक मिटलं असतं.


रविवार, ३ डिसेंबर

चर्चमधून आल्यावर बेलाला डोळे मिटायला लावले, यंत्र लावलं आणि फळा आणला. "आता उघड."

ती बघत राहिली. मला वाटलं, अक्षरं लावते आहे.

"आबा, पपांचं नाव कुठंय?"

"खाली गेलं. मी हरवलं त्याला."

"खाली कुठे? तीनच जागा असतात."

"मग... निघालं असेल त्यातून."

"सेव्ह केलंस?"

"म्हणजे काय! तिन्ही वेळा. तूच शिकवलंस."

रडली असती तर समजूत काढली असती. रडली नाही. जवळ जाऊन काचेवर, जिथे नाव असायचं तिथे, बोट टेकवलं आणि काढलं. मग यंत्राचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली.

"फिशिंग आता नववा," ती म्हणाली. "तू म्हणत होतास तसा."

जेवायला बसली, पण ताटातल्या भाताचे नुसते डोंगर करत बसली. लिडियाने विचारलं, काय झालं? "काही नाही, आबा जिंकला." लिडियाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी तीस वर्षं खिडकीच्या काचेपलीकडे पाहिली आहे.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय? माणूस स्वतः तीन आठवड्यांत दारात उभा राहणार, तेव्हा पुन्हा खेळेल आणि पुन्हा नाव लिहील.


मंगळवार, ५ डिसेंबर

चूक झाली असेल तर दुरुस्त करता येते. सकाळभर बसलो. माझेच आकडे मोडले आणि प्रत्येक वेळी नावाच्या जागी J, E, N लिहिलं. तीनही जागा भरल्या. होता तसा फळा करून ठेवला आणि बेला शाळेतून आल्यावर दाखवला.

"हे तू लिहिलंस," ती म्हणाली.

"अक्षरं तीच आहेत ना?"

"मासे पपांनी नाही पकडले."

तिने दप्तर ठेवलं, हात धुतले, आणि मग माझ्याजवळ येऊन माझ्या खांद्यावर थोपटलं, आपण लहान मुलाला थोपटतो तसं. "असू दे आबा. छान लिहिलंयस." मला ते थोपटणं अजिबात आवडलं नाही.


सोमवार, ११ डिसेंबर

काल रविवार असून फोन आला नाही. आज आला. कंपनीने रजा नाकारली. नाताळात येत नाही. पुढे ईस्टरला बघू म्हणाला.

मी म्हटलं, "बेलाने नंबर लावून ठेवलेत रे."

"कसले नंबर?"

मी सांगितलं. "अच्छा, ते," म्हणाला. मागे कुणी बाई बोलत होती आणि एक लहान मूल हट्टाने काहीतरी मागत होतं. शेजारचं असेल, टीव्ही असेल. जेन्सनने घाईने रिसीव्हर झाकला, पण झाकताना त्या मुलाला त्याने एक शब्द म्हटला. तो मी ओळखतो. जेन्सन तान्हा असताना मी त्याला त्याच शब्दाने गप्प करायचो. आमच्या घराबाहेर तो कुणी वापरत नाही.

बेलाला हाक मारली. आली नाही. "होमवर्क आहे," म्हणाली.


मंगळवार, १२ डिसेंबर

लिडियाला विचारलं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. "कंपनीने रजा नाकारली म्हणतो," मी म्हटलं, "खरं काय ते तू सांग."

तिने चिमटा लावला. मग आणखी एक लावला.

"त्याने तिकडे संसार मांडलाय, आबा. दोन वर्षं झाली. मला एप्रिलमध्ये कळलं. आईंनाही माहीत आहे."

"मटिल्डाला?"

"हरेश्वरकाकांना जितेशने सांगितलं. सगळ्यांनाच माहीत आहे."

"आणि बेलाला?"

"दिवाळीत सांगितलं. तो फ्रॉक आला त्या दिवशी. किती दिवस लपवणार? मला वाटलं, रडेल, ते नंबरांचं खूळ सोडेल." लिडियाने चादर झटकली. "मला म्हणाली, आबांना नको सांगू. त्यांचे नंबर अजून लावून व्हायचेत."

दिवाळीत. म्हणजे जत्रेत, रिंगच्या ठेल्यापुढे, तिला माहीत होतं. रोज मी फलाटावर मस्कतची गाडी लावत होतो आणि ती मान डोलवत होती. मला वाटत होतं, मी त्या पोरीला खेळवतोय.

लिडियाशी मी कसा वागलो ते या डायरीत आहेच, पुन्हा लिहीत नाही. तिला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" उत्तर आतून मटिल्डाने दिलं.

"तुम्हाला सांगून काय? तुम्ही त्यालाही चाल लावली असती."

बापाने स्वतः पकडलेली एवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरली होती. तीन अक्षरं, तीनदा. ती मी पुसली आणि तीनदा हो म्हटलं.

सत्तावीस नोव्हेंबरच्या पानावरच्या दोन ओळी खोडल्या. शाई या कागदातून फुटते. पलीकडच्या पानावरही दिसतात.


सोमवार, २५ डिसेंबर

नाताळ. या डायरीत आज कामाचा दिवस आहे.

मिस्साला गेलो. ओट्यावर ख्रिस्तजन्माचा गोठा केला, बेलाने त्यात केळीच्या सोपटाचा रस्ता केला. हरेश्वर फुलं घेऊन आला. आम्ही दोघं पायरीवर बसलो. जाताना म्हणाला, "गुडघे ठीक आहेत माझे." मी म्हटलं, "माहीत आहे."

सकाळी फोन वाजला होता. कुणीच उठलं नाही. वाजून थांबला.

संध्याकाळी बेलाने आपणहून यंत्राची वायर सोडली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी खुर्चीत होतो, उठलो नाही. ती मला बोलावेल असं वाटलं नव्हतं.

"आबा, ये ना. नंबर एक लावते. फळांचा."

"फळांचा कधी पहिला झाला?"

"तू पंच्याहत्तर दिलेस ना? सगळ्यात जास्त तेच आहेत." हत्यार माझ्या हातात दिलं. "पण आधी गाडी सांग."

"कुठली गाडी?"

"मस्कतची."

स्वयंपाकघरात करंज्या तळत होत्या. झाऱ्याचा आवाज थांबला. लिडिया आणि मटिल्डा दोघीही दाराशी आल्या नाहीत, पण तिथेच असाव्यात.

मी उभा राहिलो. सवयीने हात मागे बांधले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मस्कतहून वसईमार्गे निर्मळला येणारी गाडी काही कारणास्तव उशिराने..."

"रद्द म्हण, आबा."

ती पडद्याकडे बघत होती. पाणमांजर टोपली घेऊन वाट बघत उभं होतं.

"मी काच नाही फोडणार," ती म्हणाली. "म्हण."

मी घसा साफ केला आणि म्हटलं. रीतीप्रमाणे दोनदा म्हटलं.